राजगृह : दादरच्या एका घराची वाटचाल

दादर पूर्वेला ‘टीटी’ म्हणायची सवय अजून कुणाची सुटलेली नाही. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली आणि रूळ कायमचे गप्प झाले. तरी टॅक्सीवाले आजही टीटीच म्हणतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या टीटीच्या आसपास उभं राहिलं, की एक प्रश्न दिवसभर कानांवर पडतो. रात्रभर रेल्वेच्या डब्यात उभ्याने प्रवास केलेली माणसं असतात. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, खांद्याला पिशवी, पिशवीत गावाकडची भाकरी. रस्ता ओलांडायच्या आधी त्यांच्यातली एखादी आजी थांबते आणि विचारते, “भाऊ, बाबासाहेबाचं घर कुठं आलं?”

मी दादरलाच वाढलो. शाळेत असल्यापासून कितीतरी वेळा मी या प्रश्नाला बोट दाखवून उत्तर दिलं आहे, कधी गल्लीच्या तोंडापर्यंत सोबतही केली आहे. इतक्या वर्षांत ‘स्मारक कुठं आहे’ किंवा ‘संग्रहालय कुठं आहे’ असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. विचारतात ते घर. हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृह’ या तीन मजली वास्तूत ग्रंथालय होतं, राजकीय पक्षाची खलबतं झाली, महाविद्यालयांची स्वप्नं रचली गेली, आज तळमजल्यावर संग्रहालय आहे. एवढं होऊनही लोकांच्या तोंडी ते घरच राहिलं. या वास्तूची वाटचाल सांगायची तर या एका शब्दापासूनच सुरुवात करावी लागते, आणि त्यासाठी घर बांधलं जाण्याच्या सोळा वर्षं मागे जावं लागतं.

१९१७ : पुस्तकं गेली, छप्पर गेलं

१९१७च्या उन्हाळ्यात भीमराव रामजी आंबेडकर लंडनहून मुंबईला परत निघाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकावा लागत होता. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात असताना पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या बाजारातून पुस्तकं जमवली होती. सामान एका बोटीने पुढे पाठवलं, स्वतः दुसऱ्या बोटीने आले. पहिलं महायुद्ध चालू होतं. सामानाची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि तिच्याबरोबर पुस्तकंही समुद्राच्या तळाशी गेली. विम्याचे सहाशे रुपये तेवढे हाती आले.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार सप्टेंबरात ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. परदेशातल्या पदव्या, संस्थानची मोठी जागा, आणि राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी आसरा घेतला. त्या दिवसांची हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. अडगळीने भरलेला मोठा दिवाणखाना, रात्री एका कंदिलाचा उजेड, सोबतीला माणूस नाही. एकटेपणा विसरण्यासाठी ते वाचत बसत. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले दहा-बारा जण दारात उभे राहिले. आठ दिवसांची मुदत मागितली, मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत जागा खाली करा, एवढंच उत्तर. एका हिंदू मित्राकडे विचारलं, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं. दोघांनीही आपापल्या अडचणी पुढे केल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठीबागेत झाडाखाली बसून काढले.

पुस्तकं आणि छप्पर, दोन्ही एकाच पावसाळ्यात गेली. पुढे दादरला जे घर उभं राहिलं, त्याचा पाया मला या पाच तासांत घातलेला दिसतो. जिथून कुणी उठवू शकणार नाही असं दार आणि जी बुडणार नाहीत अशी पुस्तकांची कपाटं, या दोन्ही गोष्टी राजगृहात एका छपराखाली आल्या.

परळच्या दोन खोल्या आणि दादरचे भूखंड

राजगृहाच्या आधीचं बिऱ्हाड परळला होतं. पोयबावडीजवळच्या बीआयटी चाळ क्रमांक १च्या दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. १९१२च्या सुमारास आंबेडकर कुटुंब तिथे आलं आणि वीसएक वर्षं राहिलं. एका खोलीत संसार, दुसरीत अभ्यास आणि येणारी-जाणारी माणसं. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले होते. २० जुलै १९२४ला स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय जवळच, दामोदर हॉलमध्ये. २० मार्च १९२७चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि २ मार्च १९३०ला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, ही सगळी लढाई या दोन खोल्यांतून निघून तिथेच परत येत होती. पत्नी रमाबाईंनी चार लेकरांचं मरण याच काळात सोसलं. धाकटा राजरत्न जुलै १९२६मध्ये गेला. यशवंत तेवढा राहिला.

चाळीच्या नावातलं ‘बीआयटी’ म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दादरच्या हिंदू कॉलनीचं मूळही याच संस्थेत आहे. १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला आणि पुढची काही वर्षं मुंबईने मरण पाहिलं. दाट, अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या वस्त्यांमुळे साथ फोफावते असं ठरवून सरकारने १८९८मध्ये हा ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने शहराच्या पोटातून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि शहराच्या उत्तरेला, शेतं आणि पाणथळ जमिनी होत्या तिथे, दादर-माटुंग्याची आखणी केली. सरळ रस्ते, दुतर्फा झाडं, मधूनमधून बागा, इमारतींच्या उंचीला मर्यादा आणि प्रत्येक इमारतीभोवती मोकळी जागा, हे त्या आराखड्याचं सूत्र होतं. नियोजनपूर्वक वसवलेलं मुंबईचं हे पहिलं उपनगर म्हणून ओळखलं जातं.

त्या वेळी दादर म्हणजे गावाबाहेर. भूखंड भरायला वेळ लागला. एका बाजूला मंचेरजी जोशी या अभियंत्याने मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि दादर पारसी कॉलनी उभी राहिली. रस्त्याच्या पलीकडे, रेल्वेच्या अंगाला, हिंदू कॉलनी वसली. शिक्षक, वकील, डॉक्टर, सरकारी नोकर अशी वस्ती. इंडियन एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेली किंग जॉर्ज शाळा, आजचं राजा शिवाजी विद्यालय, याच वस्तीतली. पुढे माटुंग्याला १९३७मध्ये रुईया महाविद्यालय आलं. १८९८मध्येच, ट्रस्टच्या जन्मवर्षी, स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही पुढे दादर पूर्वेलाच नांदू लागलं. शाळा, वाचनालय, कॉलेज आणि रेल्वे स्टेशन पायी गाठता येतील अशी ही जागा होती. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा वेगळं काय हवं?

कामगारांची चाळ ट्रस्टने बांधली आणि मध्यमवर्गाचे भूखंडही ट्रस्टनेच आखले. दोन्हींमधलं अंतर पायी कापता येण्याजोगं. पण जन्माने अस्पृश्य ठरवलेल्या माणसाने ते अंतर कापून पांढरपेशा वस्तीत स्वतःच्या नावाने घर बांधणं ही त्या काळी किती लांबची मजल होती, हे बडोद्याची हकिगत वाचली की उमगतं.

घर उभं राहतं

१९३०च्या सुमारास बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. बॅरिस्टरी चालू होती, शिकवणं चालू होतं, तरी पैसा पुरेसा नव्हता. कर्ज काढावं लागलं. बांधकामाचा काळ म्हणजे त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धावपळीचा काळ. नोव्हेंबर १९३०मध्ये पहिली गोलमेज परिषद, १४ ऑगस्ट १९३१ला मणिभवनात गांधीजींशी पहिली भेट, त्याच वर्षी दुसरी गोलमेज परिषद, २४ सप्टेंबर १९३२ला पुणे करार, मग तिसरी परिषद. मालक लंडनला आणि विटा दादरला, असं बरेच महिने चाललं. १९३३मध्ये वास्तू पूर्ण झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला. चाळ आणि कॉलनी या दोन्हींची आखणी करणाऱ्या संस्थेचा कारभार जिथे संपला, तिथून राजगृहाचा सुरू झाला.

या घराचा आराखडा पुस्तकांकडून सुरू झाला होता. कुटुंबाची वस्ती खालच्या मजल्यावर, वर ग्रंथालय आणि लिहिण्या-वाचण्याची जागा. माणूस आधी स्वतःची झोपायची खोली ठरवतो, मग उरलेल्या भिंतीला एखादं कपाट लावतो. इथे भिंती, खिडक्या, उजेड, सगळं पुस्तकांच्या सोयीने ठरलं. पुढच्या वर्षांत हा संग्रह वाढतच गेला. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, धर्म, समाजशास्त्र, चरित्रं. पुस्तकांची संख्या पुढे पन्नास हजारांच्या घरात गेली असं सांगितलं जातं. नेमका आकडा काहीही असो, भारतातल्या मोठ्या खासगी ग्रंथसंग्रहांपैकी तो एक होता याबद्दल दुमत नाही.

आणि नाव. राजगृह ही मगधाची प्राचीन राजधानी, आजच्या बिहारमधलं राजगीर. बिंबिसाराने बुद्धाला वेळुवन दान दिलं ते इथे, आणि महापरिनिर्वाणानंतर बुद्धवचनांचं संकलन करणारी पहिली संगीती भरली तीही इथेच. मॅट्रिक झाल्याबद्दलच्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र तरुण भीमरावाच्या हाती दिलं होतं, त्याला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. धर्मांतराची घोषणा अजून व्हायची होती. नागपूरची दीक्षा तर आणखी तेवीस वर्षं लांब होती. पण दारावरच्या नावात दिशा आधीच कोरली गेली होती. बुद्धाची वचनं जिथे एकत्र केली गेली त्या गावाचं नाव पुस्तकांच्या घराला देण्यात केवढा विचार आहे!

रमाबाईंचा काळ

रमाबाईंना हे घर फार थोडं लाभलं. चाळीच्या दोन खोल्यांत काटकसरीने संसार ओढलेल्या या बाईच्या वाट्याला अखेर अंगण आलं, मोकळी हवा आली, तेव्हा शरीर थकून गेलं होतं. २७ मे १९३५ला राजगृहातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी रामूला, म्हणजे रमाबाईंना, अर्पण केला.

राजगृहाची कथा सांगताना ग्रंथालयावर पानं भरली जातात आणि स्वयंपाकघर एका ओळीत आटोपतं. मला ते नेहमी खटकतं. वर दिवा रात्रभर जळत असे तेव्हा खालचं घर कुणीतरी सांभाळत होतं. डिसेंबरात येणाऱ्या बायकांना हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्या आधी रमाईंच्या तसबिरीपुढे उभ्या राहतात. मागे एकदा मी एका आजीला पाहिलं. तिने पदराच्या गाठीतून नाणं सोडवलं, तसबिरीपुढे ठेवलं, तळवा काचेवर टेकवला आणि काही न बोलता बराच वेळ तशीच उभी राहिली. मागची रांगही थांबली. कुणी घाई केली नाही.

कामाचं घर

रमाबाई गेल्यानंतर लगेच, जून १९३५मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचं प्राचार्यपद स्वीकारलं. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्याला त्यांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. ती घोषणा करून ते परत आले ते याच हिंदू कॉलनीत, याच घरी. १९३६मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेलं आणि मंडळाने नाकारलेलं भाषण त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केलं, तेच ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ची प्रांतिक निवडणूक, कोकणातल्या खोती पद्धतीविरुद्ध विधिमंडळात आणलेलं विधेयक, जानेवारी १९३८मध्ये मुंबईत धडकलेला शेतकऱ्यांचा मोर्चा, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला कामगारांचा एक दिवसाचा संप, या सगळ्यांच्या काळात कार्यकर्त्यांची पावलं राजगृहाच्या जिन्याला लागलेली होती.

याच भागात गोकुळदास पास्ता लेनमध्ये चळवळीचा छापखाना होता. २४ नोव्हेंबर १९३०ला सुरू झालेल्या ‘जनता’ साप्ताहिकाचं पुढे ४ फेब्रुवारी १९५६ला ‘प्रबुद्ध भारत’ असं नामांतर झालं. घर आणि छापखाना चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे दादर पूर्वेचा हा तुकडा म्हणजे चळवळीचा उजवा हात झाला. छापखान्याची आणि आंबेडकर भवनाची ती जुनी वास्तू जून २०१६मध्ये पाडली गेली तेव्हा राज्यभर लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या संतापामागे चार भिंतींचा हिशेब नव्हता. ज्या यंत्रांवर आपल्या आजोबांनी पहिल्यांदा आपलं म्हणणं छापलेलं पाहिलं, ती जागा गेल्याचं ते दुःख होतं.

जुलै १९४२मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेब दिल्लीला गेले. राजगृहातला त्यांचा सलग मुक्काम जेमतेम आठ-नऊ वर्षांचा. पण ज्या वर्षांत त्यांनी आपली राजकीय मांडणी घडवली, ती ही वर्षं होती.

चार मिनार विकली जाते

दोन भूखंडांपैकी दुसऱ्यावरही एक इमारत बांधली होती, तिचं नाव ‘चार मिनार’. भाड्याचं उत्पन्न येईल, कर्ज फिटेल, असा साधा हिशेब. १९४१मध्ये ती इमारत विकावी लागली. पुस्तकांसाठी केलेला खर्च आणि देणी भागवायला.

ही नोंद आकडेमोडीत वाचून पुढे जाण्यासारखी नाही. मुंबईत जागा म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. दादरसारख्या ठिकाणची स्वतःची इमारत विकून माणूस मुलाच्या नावाने काही ठेवतो, दुसरीकडे जमीन घेतो. इथे विटांची पुस्तकं झाली. १९१७मध्ये समुद्राने नेलं ते या माणसाने असं परत मिळवलं. मुंबईत वास्तू वाढवण्याच्या अनेक कथा ऐकल्या. पुस्तकांसाठी वास्तू कमी केल्याची दुसरी कथा मला माहीत नाही.

पुस्तकं घराबाहेर पडतात

८ जुलै १९४५ला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. फोर्टमधल्या ‘बुद्ध भवन’ आणि ‘आनंद भवन’ या वास्तू पुढे त्याचं घर झाल्या. १९५०मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात झाली. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. गोदीत, कचेरीत, गिरणीत कामाला जाणारी किती पोरं त्या वर्गांतून पदवीधर झाली!

राजगृहातल्या संग्रहातली बरीच पुस्तकं पुढे सिद्धार्थच्या ग्रंथालयात गेली. समासात पेन्सिलीने ओढलेल्या रेघा आणि टिपणं असलेली ही पुस्तकं आजही अभ्यासक तिथे उघडून पाहतात. एका माणसासाठी बांधलेल्या कपाटांतली पुस्तकं हजारो विद्यार्थ्यांच्या वाटेवर आली. राजगृह एका अर्थाने रिकामं झालं, आणि ज्यासाठी ते बांधलं होतं ते काम मात्र मोठं झालं. संस्थेची वाटचाल मजले चढवून मोजायची पद्धत आहे. या घराची वाटचाल मोजायची तर त्याने बाहेर काय काय दिलं, ते मोजावं लागतं.

७ डिसेंबर १९५६

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा झाली. ६ डिसेंबरला दिल्लीत, २६ अलीपूर रोडवरच्या निवासस्थानी, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्या रात्री विमानाने पार्थिव मुंबईला आणलं. पहाटेच्या अंधारात सांताक्रूझ विमानतळावर माणसांची दाटी होती आणि तिथून दादरपर्यंतच्या रस्त्याकडेला लोक उभे होते. पार्थिव आणलं ते राजगृहात.

गिरण्यांमधले साचे त्या दिवशी अनेक ठिकाणी बंद राहिले. हिंदू कॉलनीच्या गल्ल्या इतक्या माणसांसाठी आखलेल्याच नव्हत्या. ट्रस्टने हवा खेळावी म्हणून सोडलेली मोकळी जागा, अंगणं, फूटपाथ, सगळं माणसांनी भरून गेलं. दुपारी अंत्ययात्रा निघाली आणि संध्याकाळी दादर चौपाटीला पोचली. तिथे, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून प्रचंड जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली.

त्या दिवसाने दादरचा नकाशा बदलला. पश्चिमेला चौपाटी आणि पूर्वेला राजगृह, अशी दोन टोकं पडली, आणि दरवर्षी ६ डिसेंबरला माणसांचा प्रवाह या दोन टोकांमध्ये वाहू लागला. ज्या व्हिन्सेंट रोडच्या कडेने हिंदू कॉलनी वसली होती, त्या रस्त्याला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात.

घर राखणारी माणसं

यानंतर वास्तू सांभाळली ती बाबासाहेबांचे पुत्र यशवंतराव तथा भय्यासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी मीराताई यांनी. भारतीय बौद्ध महासभेची धुरा भय्यासाहेबांवर आली. चौपाटीवर स्तूप उभा राहावा म्हणून त्यांनी १९६६मध्ये महूपासून मुंबईपर्यंत भीमज्योत काढली आणि गावोगावच्या माणसांनी दिलेल्या वर्गणीतून चैत्यभूमीची वास्तू घडली. ५ डिसेंबर १९७१ला मीराताईंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. १७ सप्टेंबर १९७७ला भय्यासाहेब गेले. त्यांच्या मागे मीराताईंनी महासभेचं काम आणि हे घर, दोन्ही चालवलं.

राजगृहाच्या तळमजल्यावर आज जे पाहायला मिळतं ते या जपणुकीचं फळ आहे. बाबासाहेबांचा अस्थिकलश, छायाचित्रं, त्यांच्या वापरातल्या वस्तू. वर कुटुंब राहतं. दोन्ही एकाच वास्तूत. जगभर थोरांच्या घरांचं काय होतं, हे पाहिलं म्हणजे याचं महत्त्व कळतं. लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरचं, बाबासाहेब १९२१-२२मध्ये जिथे राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५मध्ये विकत घेतलं. तिथे संग्रहालय करायला शेजाऱ्यांनी हरकती घेतल्या, स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली, आणि वरच्या पातळीवर दाद मागून ती मिळायला २०२० साल उजाडलं. दिल्लीच्या २६ अलीपूर रोडला जुन्या घराच्या जागी उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं नवं स्मारक उभं राहिलं, त्याचं उद्घाटन १३ एप्रिल २०१८ला झालं. ही दोन्ही कामं मोलाची आहेत. पण तिथे दिवसा येणारे संध्याकाळी निघून जातात आणि दारं बंद होतात. राजगृहात संध्याकाळी दिवा लागतो, वरच्या मजल्यावर भांड्यांचा आवाज होतो, दोरीवर कपडे वाळत असतात. खाली इतिहास आणि वर संसार, असा या घराचा क्रम आहे.

फुटलेल्या कुंड्या

७ जुलै २०२०. टाळेबंदीने शहर सुन्न झालेलं. त्या संध्याकाळी राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली. कुंड्या फोडल्या गेल्या, रोपं उपटली गेली, काचांवर दगड पडले, सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं नुकसान झालं. बातमी तासाभरात राज्यभर पसरली. कुटुंबाने लोकांना शांत राहण्याचं, घराकडे गर्दी न करण्याचं आवाहन केलं, आणि लोकांनी ते मानलं. पोलिसांनी शोध घेऊन अटक केली, घराला कायमचा बंदोबस्त मिळाला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रात मी त्या कुंड्या पाहिल्या. सांडलेली माती, आडवी पडलेली रोपं. नुकसान रुपयांत मोजलं तर थोडं होतं. पण जो माणूस एकेकाळी काठ्यांच्या धाकाने बिऱ्हाड उचलून बागेत जाऊन बसला होता, त्याच्या दारात जाऊन कुणीतरी पुन्हा हात उगारला होता. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की या वेळी मागे उभं राहायला कोट्यवधी माणसं होती. १९१७ला कामाठीबागेत सोबतीला एकही नव्हतं.

घर कुठं आलं?

हिंदू कॉलनी आता बदलते आहे. जुन्या दोन-तीन मजली इमारती एकेक करून पडदे ओढून घेतात आणि तिथे टॉवर उभे राहतात. ट्रस्टने लावलेली झाडं पार्किंगशी भांडत तग धरून आहेत. चित्रा सिनेमा बंद झाला. शाळा सुटली की गल्ल्यांमध्ये अजून पोरांचा कल्ला होतो, आणि मे महिन्यात सावलीचे तुकडे शोधत चालावं लागतं. उपनगर म्हणून आखलेलं दादर आता शहराचं मधलं अंग आहे, आणि इथल्या जागेच्या भावाने जुन्या रहिवाशांच्या पुढच्या पिढ्या डोंबिवली-कल्याणच्या पलीकडे गेल्या आहेत. अशा वस्तीत नव्वदी ओलांडलेलं एक घर आपल्या जागी उभं आहे.

त्याला काय हवं आहे? मला वाटतं, त्याच्याभोवती आणखी एक भव्य शिल्प नको. त्याला डागडुजी हवी, पावसाळ्यात गळणार नाही असं छप्पर हवं, आणि वस्तीने त्याला शेजारी मानायला हवं. कॉलनीतल्या प्रत्येक शाळेने आपल्या मुलांना वर्षातून एकदा तिथे न्यावं आणि सांगावं, की या गल्लीत एका माणसाने एक इमारत विकून पुस्तकं घेतली. आपल्या शाळेपासून पाच मिनिटांवर हे घडलं, हे कळलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातला धडा वेगळा वाचता येईल.

गेल्या ६ डिसेंबरला पहाटे मी टीटीजवळ उभा होतो. एका तरुणीने आपल्या आजोबांचा हात धरला होता. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. मी सोबत गल्लीपर्यंत गेलो. आजोबांनी वाटेत चप्पल काढून हातात घेतली. मी म्हटलं, “बाबा, अजून पुढे आहे, रस्ता गार आहे.” ते म्हणाले, “असू द्या. आपल्या माणसाच्या घरी चाललोय.” त्यांच्या पिशवीतून चौपाटीवरच्या दुकानातून घेतलेली दोन नवी पुस्तकं डोकावत होती, नातीसाठी घेतलेली. उंबऱ्याशी पोचल्यावर त्यांनी आधी ती पुस्तकं बाहेर काढली, दगडाला लावली, आणि मग स्वतः वाकले.